बेलाची रिकामी बाजू

आमचा जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. लातुरात ज्याच्या त्याच्या छातीचं माप एकदम वाढलं होतं. नळाला पाणी नव्हतं, पण "आता आपण जिल्ह्याचे" असं म्हणत लोक टँकरच्या रांगेतही ऐटीत उभे राहत. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, साहेब परगावचे. एक रुळतो न रुळतो तोच त्याची बदली. माझे यजमान अशाच एका कचेरीत कारकून. स्वतःच्या बदलीच्या दिवशी त्यांच्या साहेबांनी कचेरीच्या ओसरीवरचं एक झाड त्यांच्या गळ्यात मारलं. चपट्या कुंडीतलं, हातभरही उंच नसलेलं बेलाचं बोन्साय. साहेबांनी ते हौसेनं वाढवलं होतं म्हणे; पुढं हौस फायलींखाली गेली आणि झाडाला शिपायांच्या कपांतला उरलासुरला चहा मिळू लागला. आमच्याकडे आलं तेव्हा त्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी साफ रिकामी होती, न्हाव्यानं अर्धी हजामत करून सोडून दिल्यासारखी.

सासऱ्यांची धान्याची आडत होती. पोत्यांत मोजता येत नाही ती वस्तू त्यांच्या लेखी वस्तूच नव्हती. झाडाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "ह्यो बेल हाय? ह्याच्या सावलीला मुंगी तरी बसंल का?"

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष होत होतं. घर चांगलं होतं, माणसं प्रेमळ होती. फक्त त्या घरात विचारायची पद्धत नव्हती, सांगायची होती. भाजी कुठली, सणाला साडी कुठल्या रंगाची, माहेरी जायचं की नाही, सगळं ठरून मगच माझ्यापर्यंत येई. मला त्याचा फार राग येई, आणि तो दाखवायची सोय नव्हती. ते झाड मात्र कुणालाच नको होतं, म्हणून मी ते माझं म्हणून टाकलं. एवढ्या घरात एक गोष्ट तरी अशी असावी, की जिला हात लावण्याआधी मला विचारावं लागेल.

माझे वडील देगलूरकडे आंब्याला भेट कलम बांधत. ते बघतच मी मोठी झाले. आषाढात ते भेटायला आले, तेव्हा त्यांच्याकडून डब्यात लावलेली बेलाची दोन कोवळी रोपं मागवली. परसात विटा रचून डबे कुंडीच्या उंचीला आणले. बोन्सायच्या रिकाम्या बाजूची साल जराशी तासली, रोपांच्या दांड्याही तेवढ्याच तासल्या, जखमेला जखम लावली आणि सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी करकचून बांधून टाकलं. सांधा जुळला की रोप खालून कापायचं, वरची फांदी झाडाची झाली. तोवर रोपाच्या पानांना कुणी हात लावायचा नाही, कारण त्या पानांच्या जोरावरच जखम भरते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून बी कलमच की गं." मी म्हटलं, "मला कुणी धोतरानं बांधलं नव्हतं, काकू."

पाऊस आलाच नाही, श्रावण मात्र वेळेवर आला. गावातल्या बेलांवर आधीच पानं थोडी, त्यात भक्त जास्त. देवळामागचा बेल तर लोकांनी ओरबाडून नुसता सांगाडा करून ठेवला. आम्ही लिंगायत; घरात सगळेच इष्टलिंगाची पूजा करत. माझं भस्म-अक्षतांवर भागे. सासऱ्यांना मात्र तळहातावरच्या लिंगावर रोज बेलाचं तीन दळांचं ताजं पान लागे. बेलाशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय चहा नाही.

आणि माझ्या झाडाच्या हिरव्या बाजूचं रोज एक पान कमी होऊ लागलं.

बेलाला काटे असतात. सासऱ्यांच्या अंगठ्यावर रोज नवा ओरखडा दिसे. मी चकार शब्द काढला नव्हता, तरी एकदा जेवताना आपणच म्हणाले, "आडतीवर दाभणानं टोचलं." चोराच्या मनात चांदणं. त्या साली आडतीवर शिवायला पोतं होतं कुठं? पण मुंगीलाही सावली न देणारा बेल आता महादेवाला चालू लागला होता, याचं मला हसू येई, म्हणून मी गप्प राहिले. मग एका सकाळी रोपाचंच कोवळं पान गायब झालं, आणि माझं हसू पळालं.

"मामा," मी म्हटलं, "रोपाची पानं नका तोडू. कलम मरंल माझं."

"देवाच्या बेलाला सुनंचा पहारा हाय व्हय?"

"बेल शिळा होत न्हाई. धुऊन परत वाहिला तरी चालतो. तुम्हीच सांगितलं होतं की मागं."

आपलंच शास्त्र अंगावर आलं. ते घसा खाकरून आडतीवर निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून हिरव्या बाजूचं शेवटचं धड पान रोज धुऊन वाहू लागले. पूजा झाली की ते ओल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवत. एकदा सासूबाईंनी ते फडकं अंगणात झटकलं, तेव्हा आख्खं घर पान शोधत होतं. तिजोरीची किल्ली हरवली तेव्हाही एवढी धावपळ झाली नव्हती.

पोळ्यानंतर मी रोपांना आधी खाच पाडली, मग काही दिवसांनी ती खालून कापली. दोन्ही फांद्यांनी माना टाकल्या. मला जेवण जाईना. तांदूळ धुतलेलं पाणी मी सकाळी घाली. पण बघते तो कुंडी माझ्याआधीच ओली. सासऱ्यांची आंघोळ त्या दिवसांत आणखीच आटोपशीर झाली होती. मी काही विचारलं नाही, त्यांनीही दाभणाचं नाव काढलं नाही. एक फांदी गेलीच. दुसरीनं मान उचलली आणि शेंड्याला कोंब धरला.

त्याच सुमाराला सासऱ्यांच्या पानाचं मधलं दळ गळून पडलं. दोन दळांचा बेल देवाला वाहत नाहीत. सकाळी ते कपाळाला भस्म लावून परसात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. झाडाच्या जुन्या बाजूला काटे आणि नुकते फुटलेले कोंब. धड पानं होती ती नव्या फांदीवरच. त्यांचा हात फांदीपर्यंत गेला. मला वाटलं, झालं आता. ओरडावंसं वाटलं, पण सासऱ्यांवर कसं ओरडणार? हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मागं आला.

"बाई," त्यांनी आत बघून हाक मारली, "हितलं एक पान घेऊ का? नगं म्हनलीस तर ऱ्हाऊ दे. आज भस्मावर भागवतो."

"घ्या की, मामा," मी म्हटलं. बाहेर जाऊन खालचं, जून झालेलं पान बोटानं दाखवलं. त्यांनी ते काटा चुकवून अलगद खुडलं. मग मी आत आले आणि राखेची मूठ घेऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.