पंगतीतलं तिखट

मला तिखट सोसत नाही. ठेच्याचे दोन घास खाल्ले की तिसऱ्याला नाक वाहतं आणि मग छातीत जळजळत राहतं. घरात माझ्यासाठी वरण वेगळं काढून ठेवतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली काही वर्षं नांदेडपासून लातूरपर्यंत मी 'तिखट लेखक' म्हणून हार घालून घेतो आहे. माईक हातात आला की माझं एक ठरलेलं वाक्य असतं: आमच्या मातीतलं तिखट ज्याच्या पोटात गेलं, त्याच्या लेखणीला कुणाचं भय राहत नाही. टाळ्या पडतात. मग घरी येऊन मी दहीभात खातो.

ही कीर्ती एका लेखामुळे मिळाली. त्यातली गोष्ट माझ्या बहिणीच्या लग्नातली, बिलोलीकडच्या आमच्या गावची. ती खरी कशी घडली ते आता सांगतो.

आमच्याकडे लग्नाआधी येसर करतात. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ. त्याची आमटी नसेल तर पंगतीला कुणी पंगत म्हणत नाही. दळायला मुहूर्तानं सुरुवात होते. पाच सवाष्णी जात्याला हळदकुंकू लावतात, खुंट्याला हात लावून चार मुठी दळतात आणि उठतात. पुढचं सगळं दळण आत्यानं केलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी आलेली. मुहूर्ताच्या वेळी तिला मागच्या खोलीत बसवलं होतं. सवाष्णी उठल्याबरोबर तिला हाक मारली, कारण येसराचं माप तिच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, कविता करत होतो आणि स्वतःला मोठा बंडखोर समजत होतो.

अक्षता पडल्या आणि वरपक्षाची पंगत बसली. आमटीची बादली माझ्याकडे होती. नवऱ्या मुलाच्या मामानं एक भुरका मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे काय पाणी वाढून राहिलात? पोरीच्या बापाच्या घरातलं तिखट सरलं का?"

वडील हात जोडून पुढे आले. "चुकलं मामा, सांभाळून घ्या."

"हात काय जोडता? पाया पडा," मामा म्हणाला. आणि वडील खरंच वाकायला लागले.

मी काय केलं? बादली उचलली आणि पळी शोधायच्या निमित्तानं कनातीआड गेलो, जिथं स्वयंपाक चालला होता. पळी बादलीतच होती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आत्यानं माझं तोंड बघितलं. "काय झालं रे?" मी ततपप करत सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, लाल तिखटाचा डबा उचलला आणि बाहेर गेली. सकाळपासून ती चारचौघांसमोर आली नव्हती, तिला येऊच दिलं नव्हतं. ती सरळ पुरुषांच्या पंगतीत शिरली आणि मामाच्या भातावर मूठभर तिखट टाकलं.

"सरलं न्हाई, लई हाय. एवढं खाऊन दावा, मग माझ्या भावाला पाया पडायला लावा."

मामानं इरेला पडून दोन घास गिळले. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. तो खोकत उठला, तेव्हा त्याचीच माणसं हसली. हे सगळं मी कनातीच्या फटीतून पाहिलं.

त्याच संध्याकाळी वडील आत्याला म्हणाले, "चारचौघांत माझं नाक कापलंस." ज्याचा मान वाचवला त्यानंच असं म्हटलं. त्यानंतर घरातल्या एकाही लग्नाला तिला नेलं नाही. "ती लई तिखट हाय, घरीच बरी." येसर मात्र दर लग्नाचं तिच्याकडूनच दळून नेलं. तेव्हाही मी काही बोललो नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी तो लेख लिहिला. त्यात बादली खाली ठेवली मी, तिखट टाकलं मी, आणि ते वाक्यही मीच बोललो. फक्त 'भाऊ' काढून 'बाप' घातला. लेखकाला एवढी मुभा असते, अशी मी माझी समजूत घातली. खरी गोष्ट अशी की पहिल्यांदा मी जसं घडलं तसंच लिहिलं होतं. पण त्यात मी कनातीआडच उभा राहत होतो आणि ते मला बघवेना. म्हणून आत्याला पार काढूनच टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

गेल्या हिवाळ्यात लातूरला एका वाचनालयात माझं वाचन होतं. आत्या आता लातूरलाच एका खोलीत राहते, लोकांना मसाले करून देते. मी तिला कळवलं नव्हतं. मसाला न्यायला आलेल्या कुणा बाईकडून तिला समजलं आणि ती आली. नेमका तोच लेख अर्धा वाचून झाल्यावर ती मला तिसऱ्या रांगेत दिसली. मी पाणी प्यालो. आणि पुढं वाचत राहिलो.

शेवटी कॉलेजातली एक मुलगी उठली. "सर, तेव्हा भीती नाही वाटली?"

मी आत्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य तोंडातून निघेना. आत्यानं पुन्हा एकदा माझं तोंड बघितलं. मग जागेवरूनच मोठ्यानं म्हणाली, "त्याला कशाची भीती? ल्हानपणापासून लई तिखट हाय त्यो!"

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मी हात जोडले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, आणि तरीही मी हसत होतो.

नंतर ऑटोतून तिला सोडायला निघालो.

"चांगलं लिवलास बाबा," ती म्हणाली. "पर त्या दिशी मी कुठं होते रे? लई कान देऊन आयकलं. मी काय सापडले न्हाई."

आवाजात राग नव्हता. खरं बोलायला याहून सोपी जागा मला मिळणार नव्हती. ऐकायला ऑटोवाल्याशिवाय कुणी नव्हतं.

"तू आत होतीस," मी म्हणालो. "भाकरी थापत होतीस."

"हाव," आत्या म्हणाली. "तिथंच आसंन."