दत्तू मिस्त्री म्हणाला, ऐका

मंडळी, आपल्या मित्रांत हातोहात फिरणाऱ्या पत्रात आज एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझ्या शुभ्र धोतरावर पुन्हा काजळीचा अभिषेक झाला. अपराधी अर्थात माझी मोटारसायकल.

सकाळी गाडीच्या कंपनीचे पुस्तक घेऊन कल्याणला दत्तू मिस्त्रीकडे गेलो. मी पडलो संस्कृतचा मास्तर, छापील वचनावर श्रद्धा फार. म्हटले, "धूर फार येतोय. यात लिहिलंय तेवढाच कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरव."

तो हसला. "गुरुजी, पुस्तकवाल्यानं तुमचं वजन बघितलंय? आपला ठाण्याचा रस्ता बघितलाय? मी तुमच्या गाडीला मानवेल तसं लावतो."

त्याने स्क्रू कणभर फिरवला. "हा आवाज ऐका. आता हा. कुठला ठेवू?"

मी जाणत्यासारखी मान डोलावली. "दुसरा."

"अहो, दुसऱ्यात इंजिन अडखळतंय!"

शेवटी पुस्तकाप्रमाणेच लावून घेतले. दत्तू रुसला.

खरे सांगतो, मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. हल्ली मागच्या बाकावरचे पाठांतरही नीट ऐकू येत नाही. 'छान' म्हणून मुलांना खाली बसवतो. तुमच्यापैकी कुणी कान दाखवलेत का? घरी अजून बोललो नाही. ऐकूच येईनासे झाले तर शिकवू कसा, याची भीती वाटते.