एका डबीत एकच कोळी

काचघरातल्या रोपवाटिकेत मावशी बावीस वर्षं झाडू मारत होती. दारावरची जाळी काढायची, कोपऱ्यातल्या जाळ्यांना हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "अहो, बिनपगारी राखणदार आहेत ते! जाळंवाले अडकवतात, बिनजाळ्याचे झडप घालतात. राहू द्या की."

नव्या साहेबांच्या मात्र ती जाळी डोळ्यांत खुपली. "उद्या एक जरी कोळी दिसला, तर परवापासून येऊ नका!"

झालं! मुलगा पाय मोडून घरी पडलेला, कमावणारी ती एकटी. तिने सगळी जाळी झाडली, पण जीव घ्यायला हात धजेना. एकेक कोळी उचलून वेगळ्या काडेपेटीत घातला आणि घरी नेला.

"आई, स्वयंपाकघरात?" सून किंचाळली.

"थेंबभर पाणी दिलं की पुरे. तुझ्या नवऱ्यासारखं दर तासाला खायला मागत नाहीत ते."

दोन आठवड्यांत वांग्याच्या रोपांवर पांढरी माशी उतरली. औषध मारलं की दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी दुप्पट. शेवटी मावशीने कोळी घरी नेल्याचं कानावर आलं, तसे साहेब तिच्या दारात आले. तिने पेट्या दिल्या आणि बजावलं, "एकत्र करू नका हं."

साहेब शहाणे! सोयीचं म्हणून सगळे कोळी एकाच बरणीत ओतले. सकाळी बरणीत एकच कोळी होता, चांगला टम्म फुगलेला. बाकीच्यांचे नुसते पाय.

"संपलं सगळं," साहेब काचघरात डोकं धरून बसले. "रोपंही गेली, चूकही माझीच."

मावशीला राग आला, पण त्यांचा चेहरा बघून विरघळली. तिने पदराआडून घरून आणलेल्या आणखी नऊ पेट्या काढल्या. "या लेकुरवाळ्या. अंडी घेऊन फिरत होत्या, म्हणून मागे ठेवल्या." एक पेटी उघडली. आईच्या पाठीवर इवली इवली पिल्लं, एकमेकांना चिकटून.

"ही खात नाहीत एकमेकांना?"

"आईच्या पाठीवर आहेत तोवर नाही. उतरली, की ज्याची त्याची जागा वेगळी. हात पुढे करा."

साहेबांनी हात पुढे केला. आई त्यांच्या बोटावरून सावकाश चालत पानावर उतरली.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "उद्या जरा लवकर या. कुठे काय झाडायचं नाही, ते मला दाखवा."