न झोंबणारं काजळ

इंदू गेली हे मला मोताळ्याच्या बाजारात कळलं. सोनाळ्याकडून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं गर्दीतच सांगितलं, "सुमनताई, तुमची इंदू गेली. कावीळ उतरलीच नाही." हातातली वांगी ढिगावर परत ठेवली आणि मी बसस्टँडकडे चालू लागले... पिशवी तिथेच राहिली. त्याला आता सहा आठवडे होतील. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. भाकरी तव्यावर टाकते आणि अंगणात जाते, अंगणात गेले की कशाला आले ते आठवत नाही. हे लिहायलाही तिसऱ्यांदा बसले आहे.

इंदू माझी चुलत बहीण, माझ्याहून वर्षानं मोठी. सोनाळ्याच्या एकाच घरात आम्ही वाढलो. तिचे डोळे लहानपणापासून कोरडे. कापूस वेचायला गेली की लाल व्हायचे, चुलीपाशी बसली की चुरचुरायचे. आणि हौस कशाची, तर काजळाची. काकू घरीच काजळ धरायची. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची, जमलेली काजळी तुपात खलायची आणि थंडाव्याला त्यात भीमसेनी कापूर टाकायची. तो कापूर आम्हा सगळ्यांना सोसायचा, इंदूला नाही. "तू लावू नोको वं माय," काकू म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. जळगाव जामोदहून इंदूला पाहायला मंडळी यायची होती. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. हे फक्त मला माहीत, म्हणून तर मी चेकाळले. काकू पोह्यांत गुंतलेली पाहून डबी आणली आणि इंदूच्या डोळ्यांत, अगदी आतल्या कडेला, बोटानं भरून काजळ घातलं. "झोंबते वं सुमे," ती म्हणाली. "झोंबू दे. झोंबते म्हंजे डोये साफ होऊन राह्यले." तेव्हा आम्ही सगळेच असं मानायचो.

ती पाटावर जाऊन बसली आणि डोळ्यांना धारा लागल्या. थांबेनात. गालांवर काळे ओघळ. मुलाची आत्या चांगली बाई होती. तिनं काकांना हळूच सांगितलं, "पोरगी रडून राह्यली. तिच्या मनात नसन त जबरदस्ती नोको." पाहायला आलेल्यांसमोर मुलीनं आपणहून तोंड उघडायचं नाही, ही रीत. आणि काका गप्प. काजळ झोंबलं म्हणावं, तर पोरीचे डोळे अधू आहेत असा बोभाटा होणार. त्यापेक्षा ती नाखूश म्हटलेली परवडली, असं त्यांना वाटलं असावं. मी दाराआड उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक... मंडळी उठून गेली. मग काकांनी विचारलं, काजळ कोणी लावलं? "म्याच लावलं," इंदू म्हणाली. तिनं माझं नाव घेतलं नाही आणि मीही माझं घेतलं नाही.

पोरगीच नको म्हणते, अशी बातमी आसपासच्या गावांत फिरली आणि स्थळं येईनाशी झाली. माझं लग्न होऊन मी मोताळ्याला आले. ती बालवाडीत शिकवू लागली, आणि घरी आली की काजळाच्या मागे लागायची. हा कसला हट्ट, असा मला रागच यायचा. तिनं कापूर काढून टाकला. वात धुतलेल्या कापसाची, काजळी फडक्यातून गाळलेली, तूप नखभर. प्रत्येक डबी आधी स्वतःच्या डोळ्यांवर करून बघायची. कितीदा तरी लाल डोळ्यांनी शाळेत गेली असेल. पण शेवटी जमलं. घरी पाहुणे येणार असले की गावातल्या मुली तिच्याकडे यायच्या. ती आधी त्यांच्या मिटल्या डोळ्यांवर ओला फडका ठेवायची, मग काजळ पापण्यांच्या मुळाशी बाहेरून लावायची, आत कधीच नाही. एकीची डबी दुसरीला नाही. झोपण्याआधी पुसून टाकायची ताकीद. आणि हे सगळं झाल्यावर समोर बसून राहायची. "झोंबते का? खरं सांग बाई, लाजू नोको." पोरगी नाही म्हणेपर्यंत तिला जाऊ द्यायची नाही.

गेल्या दिवाळीत लेकीला घेऊन सोनाळ्याला गेले होते. मनाशी ठरवून गेले होते आणि तोंडातून शब्द निघत नव्हता, म्हणून घरभर नुसती येरझारा घालत होते. "बस ना वं. काऊन फिरून राह्यली सारखी?" इंदू म्हणाली. मी बसले. "इंदे, त्या दिवशी..." "डोये मीट आधी," असं म्हणून तिनं माझ्या डोळ्यांवर ओला फडका ठेवला. थंडगार. मग मला बोलवेचना. तिनं मुद्दाम थांबवलं की सहज, हे आता कुणाला विचारू? निघताना तिनं हातात एक पितळी डबी ठेवली.

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी काकांसमोर उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, तवा इंदीले काजय म्या लावलं होतं." "मले ठाव होतं," ते म्हणाले. "तिचे हात साफ होते. तुह्यं बोट काजयानं कायं होतं." मग म्हणाले, "पण मी तरी कुठी बोललो..." सांगितलं की हलकं वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट त्या दिवशी घरात दोघं जण गप्प राहिले होते, एवढं कळलं.

आज सकाळी ती डबी उघडली. आधी ओला फडका ठेवला, मग काजळ लावलं, बाहेरून, तिनं दाखवलं होतं तसं. आरशासमोर बसून राहिले, न उठता. जरा वेळानं डोळे वाहू लागले. लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, मावशीचं काजळ झोंबते काय?"

"नाही," मी म्हणाले. "मी रडून राह्यली."