दुबईच्या गोळ्या

एका बापाला मी गोळ्यांसाठी दोन तास ठाण्यात बसवून ठेवलं होतं, ते काही केल्या विसरता येत नाही. तेव्हा मी पाथर्डी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होतो.

सकाळीच स्टँडजवळचा टपरीवाला धापा टाकत आला. एका जीपवाल्याचं फोनवरचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. "साहेब, दुबईवरून गोळ्या आल्यात. कुनाला सांगू नको म्हनत हुता!"

गोळ्या म्हटल्यावर पोलिसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? जीपवाल्याला स्टँडवरूनच उचललं. गडी सरळ दिसत होता, पण सरळ दिसणारे मी पुष्कळ पाहिले होते.

"गोळ्या आल्यात?"

"व्हय साहेब."

इतक्या लवकर कबुली! मला तर उकळ्याच फुटल्या. पण कुठं ठेवल्यात आणि कुणासाठी, म्हटलं की तो खाली मान घालायचा. चहा पाजला, दरडावलं, हवालदारानं टेबल आपटून पाहिलं. "काय बी करा, गोळ्यांचा डबा न्हाई देनार," एवढंच.

शेवटी मी वैतागून ओरडलो, "हत्यार कुठंय?"

त्यानं चमकून वर पाहिलं. "हत्यार? अहो साहेब, गोळ्यांला हत्यार कशाला? पान्यासंगं गिळायच्या!"

हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मी मात्र खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

मग हळूहळू उलगडलं. दहावीतल्या लेकीला फिट यायच्या. नगरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं औषध इकडं मिळेना, म्हणून मेहुण्यानं दुबईहून पाठवलं. आम्ही ते जप्त केलं तर संध्याकाळची गोळी चुकेल, ही त्याची धास्ती. निरोप धाडल्यावर त्याच्या बायकोनं घरून डॉक्टरांची चिठ्ठी आणि इंग्रजी परवाना आणला. दवाखान्यातल्या माणसानं अर्ज भरून काढून दिलेला तो परवाना त्या दोघांना वाचता येत नव्हता. स्वतःच्या वापरापुरतं औषध मागवायची रीतसर परवानगी होती. औषध निरीक्षकांना फोन लावला. "कागद बरोबर आहेत," ते म्हणाले. इतकं हायसं वाटलं की मी त्या माणसाची सरळ माफी मागितली.

जाताना तो दारात थांबला. "साहेब, पोरीचं गावात कळू देऊ नका."

डायरीत मी 'खबरीत तथ्य नाही' एवढंच लिहिलं. आजाराचं नाव कुठंही घातलं नाही.

गप्प बसणारा माणूस गुन्हाच लपवत असतो, हे मी नोकरीभर धरून चाललो होतो. हा तर लेकीचं दुखणं झाकायला कोठडीत जायला निघाला होता.