बांधीतले पंधरा तंबू

फौजेतून आलेल्या माणसाला लोक एकच गोष्ट विचारतात: लढाई पाहिली का? झोपत कुठे होता, खात काय होता, पाय ओले झाले की काय करत होता, हे कुणी विचारत नाही. अरे, फौजेतला निम्मा जन्म त्यातच जातो! माझी पहिली लढाई मी एका धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लढलो, तीही स्वतःच्याच मूर्खपणाशी. कुणी विचारत नाही म्हणून न विचारताच सांगतो.

चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती. मी एकोणीस वर्षांचा. बालाघाट जिल्ह्यात लांजीच्या अलीकडे आमचं गाव. छप्पन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले, पण मालकाची चाकरी काही गेली नाही. बा गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, सालदार होता. वर्षाच्या बोलीनं बांधलेला गडी म्हणजे सालदार; बैलांच्या आधी उठायचं आणि बैल बांधल्यावर बसायचं. मी भरती झाल्याचं कळलं तेव्हा मालक बाला म्हणाला, "जाऊ दे त्याले. येते चार महिन्यांत वापस. त्याच्यासाठी जागा ठेवून राह्यलो मी." बा घरी आल्यावर मला एवढंच म्हणाला, "वापस नको येऊ बाबू."

आणि मी तर वापस यायच्या बेतातच होतो! बंदुकीचा घोडा दाबताना माझे दोन्ही डोळे गच्च मिटायचे. गोळी कुठे जायची ते तिलाच ठाऊक. त्यामुळे एकदा मला मागच्या तुकडीत ढकललं. फौजेत याला रेलिगेट करणं म्हणतात. दुसऱ्यांदा झालं की थेट घरी. डोळे उघडे ठेवायला मी कसाबसा शिकलो, तोवर शेवटचा कॅम्प आला. पंधरा दिवस उघड्यावर राहायचं, चालायचं, खंदक खोदायचे, आणि शेवटी आमचा उस्ताद, म्हणजे शिकवणारा हवालदार, यादी करणार: कोण जवान झाला, कोण घरी जाणार.

ट्रकांतून रात्रंदिवस प्रवास करून आम्हाला कुठे आणून उतरवलं म्हणता? लांजीच्या पलीकडच्या जंगलाला लागून! माझं गाव तिथून सहा कोसांवर. एवढी मोठी फौज, एवढा मोठा देश, आणि साहेबांना नकाशात बोट ठेवायला हीच जागा सापडली.

धान कापून झालं होतं. उस्तादानं एक सपाट बांधी पाहिली, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, आणि खूश झाला. "एकदम मैदान है," म्हणाला. मला दिसत होतं की वरच्या पाच-सहा बांध्यांचं पाणी उतरून जिथं येतं ती ही शेवटची बांधी आहे. पण रंगरूटानं उस्तादाला जमीन शिकवायची नसते. शिवाय डिसेंबरात कुठला पाऊस? उस्तादही काही कच्चा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं खालच्या धुऱ्याला फावड्यानं फट पाडून ठेवली, धुण्याभांड्याचं पाणी निघून जावं म्हणून. तीस पोरांचे पंधरा तंबू लागले.

तंबू म्हणजे काय, दोन चादरी बटणांनी जोडायच्या आणि काठीवर टांगायच्या. आत दोघांनी झोपायचं. डोकं आत घेतलं की पाय बाहेर, पाय आत घेतले की डोकं दवात. उशीला बूट. खाली धानाचे खुंट पाठीत घुसायचे. लंगरातली, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातली, दाळ मिळायची तेव्हा गरम असायची, आपल्या जागेवर नेईपर्यंत तिच्यावर साय धरायची. बाटलीभर पाण्यात दाढी, दात आणि तोंड उरकायचं. आणि रोज संध्याकाळी उस्ताद ओळीनं बसवून आमचे पाय तपासायचा, बोटांच्या बेचक्यांत स्वतःचं बोट घालून. ओलं लागलं की शिवी. एवढ्या मायेनं माझे पाय मायनंही कधी पाहिले नव्हते!

माझ्या तंबूतला जोडीदार राजस्थानचा होता, वाळवंटाकडचा. सहा फूट उंच. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत बाहेर राहायचे. आंघोळीचं पाणीसुद्धा तो जपून टाकायचा, मोहाच्या झाडाच्या बुडाशी, तेवढंच झाडाला होईल म्हणून. त्याचं माझं चांगलं जमलं.

सातव्या दिवशी सगळी तुकडी सकाळीच जंगलात गेली, आणि कॅम्पच्या पहाऱ्यावर आम्ही दोघं राहिलो. घटकाभरानं आभाळ काळं झालं आणि पाऊस सुरू झाला. साधासुधा नाही, आषाढासारखा. मी रेनकोट घालून चक्कर मारत होतो. खालच्या धुऱ्याशी आलो तर काय, फटीतून पाणी धो धो बाहेर चाललेलं!

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाची स्वतःची म्हणून एकच बांधी होती, तीही सगळ्यांच्या शेवटची. कालव्याचं पाणी आमच्याकडे कधी आलंच नाही. वरच्यांचं भरून उरलं तर आम्हाला. मालकाचं काम संपवून बा धुऱ्यावर यायचा आणि धुऱ्याला उंदराचं बीळ जरी दिसलं तरी टाचेनं दाबायचा. मला चालता येऊ लागलं तेव्हापासून मी तेच केलं. आमच्या घरात सांडलेल्या दुधाला माफी होती, बांधीतून गेलेल्या पाण्याला नव्हती.

त्या दिवशी माझं डोकं कुठं गेलं होतं कोण जाणे. हातांनी मातीचं ढेकूळ उचललं, फटीत घातलं, वर दुसरं घातलं, टाचेनं दाबलं. पाणी थांबलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जोडीदार शेजारी उभा होता. तो म्हणाला, "ठीक किया. कितना पानी फालतू जा रहा था." त्यानंही वरून दोन ढेकळं टाकली. आम्ही दोघे शहाणे लंगराच्या ताडपत्रीखाली जाऊन उभे राहिलो.

तासाभरानं पाहतो तर बांधीत पाणी. आधी चार बोटं, मग घोट्यापर्यंत. तंबूंतल्या कांबळी तरंगायला लागल्या. एक बूट माझ्यासमोरून वाहत गेला. मी ओरडलो, "अबे, हे पानी कुठून आलं?" जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बाप्पा रे! आमच्या तोंडाचं पाणी पळालं. धावत जाऊन हातांनीच धुरा फोडला. पाणी हसत हसत बाहेर गेलं, पण तोवर पंधराही तंबूंची वाट लागली होती.

मला त्या क्षणी तुकडी दिसली नाही, साहेब दिसले नाहीत. मला मालकाचा गोठा दिसला. माझ्यासाठी ठेवलेली जागा दिसली.  जोडीदार म्हणाला, "बोल देंगे, मिट्टी अपने आप गिर गई. कौन देखने आया था?" खरं सांगतो, मला ते पटलं होतं. पण आधी करायचं काय? दुपारी तीस पोरं भिजून, कुडकुडत परत येणार, आणि अंगावर घ्यायला कोरडं बोटभर कापड नाही.

वरच्या अंगाला एक खळं होतं. तिथं मळणी झालेल्या धानाची तणस, म्हणजे पेंढा, रचून ठेवलेली. मी पळत तिकडे गेलो. छपराखाली एक म्हातारी आणि तिची सून बसल्या होत्या. वर्दीतला माणूस पाहून दोघी उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "माय, तणस पायजे. लय पायजे." आपली बोली ऐकून म्हातारीचा जीव भांड्यात पडला. "कोन्या गावचा हायेस रे बाबू?" मी गाव सांगितलं, आणि काय झालं तेही सांगून टाकलं, धुरा मीच बुजवला म्हणून. वाटलं, ही हसेल. ती मुळीच हसली नाही. म्हणाली, "मंग? पानी जाऊ देतं का कोनी?"

त्या एका वाक्यानं मला रडूच फुटलं. सख्ख्या मायला सांगितलं असतं तरी ती याहून वेगळं काय म्हणाली असती? म्हातारीनं मला दटावलं, "रडून का राह्यला? उचल ना बे!" आणि स्वतःच पहिली पेंढी उचलली.

रचलेल्या तणसीचा वरचा थर तेवढा भिजला होता, आतली खडखडीत कोरडी. जोडीदार धरून आम्ही चौघं वाहत राहिलो. प्रत्येक तंबूच्या वरच्या अंगाला मी वीतभर मातीचा धुरा घातला, बाजूनं पाट काढून खालच्या कोपऱ्याला सोडला. जन्मात पहिल्यांदा मी पाणी घालवायला धुरा बांधत होतो! मग आत तणस, आधी आडवी, वर उभी, हातभर जाड. सुनेनं कांबळी पिळून छपरात टांगल्या आणि खाली शेकोट्या केल्या. तुकडी परत आली तेव्हा पाऊस थांबला होता, नऊ तंबू झाले होते आणि सहा बाकी होते.

उस्तादानं चिखल पाहिला, तणस पाहिली, फोडलेला धुरा पाहिला. सगळ्यांना रांगेत उभं केलं. "नाली किसने बंद की थी?"

जोडीदारानं मला कोपरानं ढोसलं. माती आपोआप पडली, एवढं म्हटलं की सुटलो. पण वर छपरात ती म्हातारी उभी होती, तिच्या देखत माझ्यानं ते बोलवेना. मी एक पाऊल पुढे झालो. "मैंने, उस्ताद."

"क्यों?"

"पानी जा रहा था, उस्ताद."

अख्खी तुकडी हसली. उस्ताद हसला नाही. तेवढ्यात माझा राजस्थानी बहाद्दरही पुढे आला, "मैंने भी, उस्ताद. दो ढेले." उस्तादानं आम्हा दोघांना त्याच चिखलात बंदूक डोक्यावर धरून लोळवलं, मोजून बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर म्हणाला, "बाकी छह तंबू कौन बनाएगा, तेरा बाप?" दिवस मावळायच्या आत तेही झाले.

पावसानंतर थंडी अशी पडली की विचारू नका. शेजारच्या बांध्यांत उतरलेल्या तुकड्यांत पोरं तापानं फणफणली, कुणाचे पाय सुजून बुटात जाईनात. आमची तीसच्या तीस पोरं तणसीत गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी उस्तादानं पाय तपासले, सगळ्यांच्या बोटांत बोट घातलं आणि एकही शिवी न देता उठला. मग मला दुसऱ्या तुकड्यांत पाठवलं, तणस कशी घालायची ते दाखवायला. पण यादीचं काय, ते विचारायची माझी छाती झाली नाही. ज्या लहान वहीत तो यादी करायचा, ती त्याच्या खिशात दिसली की मी नजर चुकवायचो.

कॅम्प संपायला दोन दिवस असताना बा आला. फौज इकडे उतरल्याचं त्याला लांजीच्या बाजारात कळलं होतं. पहाटे निघून सहा कोस चालत आला होता, पंचा डोक्याला गुंडाळून. मी विचारलं, "काहून आलास बा?" तो खाली पाहत म्हणाला, "मालक विचारून राह्यला. नवं साल लागते. तू येतं का नाही, ते सांगा म्हने, नाहीतर दुसऱ्याले ठेवतो."  आपल्या बापाला काय सांगणार, तुझीच सवय मला नडली म्हणून?

बा माझ्या तोंडाकडे पाहून समजला. मी थांब म्हणायच्या आत तो उस्तादापुढं जाऊन उभा राहिला, हात जोडून, आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत. "साहेब, लडका रखते का वापस भेजते? मालक को सांगना है."

उस्ताद पेटीवर बसून चहा पीत होता. त्यानं बाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पायांकडे जरा जास्तच पाहिलं. मग चहा खाली ठेवून उठला.

"मालिक को बोल दो, दूसरा आदमी देख ले. ये अब वापस नहीं मिलेगा."

बा म्हणाला, "हौ." पुन्हा म्हणाला, "हौ."  मी त्याला चहा घेऊन जा म्हटलं, दाळ-रोटी खाऊन जा म्हटलं, पण तो थांबायला तयार नाही. दिवस आहे तोवर मालकाकडे पोचायचं होतं त्याला. पायवाटेनं तो इतका भरभर गेला की मी वळणापर्यंतही त्याला गाठू शकलो नाही.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माय चुलीपुढं बसून सांगत होती. त्या संध्याकाळी बा घरी न येता परस्पर मालकाकडे गेला. मालक ओसरीवर बसला होता. आजवर आमच्यातलं कुणी त्या अंगणात चपला घालून गेलं नव्हतं. बा चपला घालून अंगणाच्या मधोमध गेला, आणि निरोप सांगून होईपर्यंत त्यानं त्या काढल्या नाहीत.