हिरवळीच्या कडेला

गोल्फसाठी मी उटीला गेलो, बँकॉकलाही जाऊन आलो, तिथल्या मास्तरांकडून शिकलो. पण फटका मारताना मान वर उचलायची खोड काही गेली नाही.

कोल्हापूरच्या मैदानावर माझी बॅग उचलणारा म्हातारा तालमीत वाढलेला. झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर जाण्याआधी तो चपला काढायचा, जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा.

माझा तिसरा चेंडू उसात गेल्यावर तो पुढं जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "पावणं, खाली बघून मारा की! बॉल कुठं गेला ते बघायला मी हाय न्हवं?"

निकाल लगेच, स्वतःच बघायची घाई मला जन्मभराची. त्या दिवशी मात्र मान खाली ठेवून मारला.

वर बघितलं तर चेंडू कुठंच दिसेना. लांब हिरवळीच्या कडेला म्हातारा चपला काढत होता.